मशीन चालू न करण्याचा ठराव

कुठलीही वस्तू नाहीशी झाल्याखेरीज ती अमूल्य होती हे सार्वजनिक संस्थांच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे प्रत्येक संस्थेने अधूनमधून काहीतरी नाहीसे करावे हे समाजाच्या हिताचेच म्हटले पाहिजे. लालबागच्या श्री देव लिंगेश्वर ग्रामस्थ मंडळाने, खाजणगाव (मुंबई), हे कर्तव्य आपल्या हीरकमहोत्सवी वर्षात पार पाडले. त्यासाठी कार्यकारिणीची मंजुरीसुद्धा लागली नाही. चिटणीस विनीत राऊळ यांनी ते एकट्याने, एका ओळीत, एंटरचे बटण दाबून केले.

मंडळाचे कार्यालय म्हणजे चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची 'गावाची खोली'. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातल्या खाजणगावातून आलेले पुरुष या खोलीत पाळीपाळीने झोपत. पुढे गिरण्या गेल्या, झोपणारे गेले, खोली आणि मंडळ तेवढे राहिले. गावाचा सर्वांगीण विकास हे मंडळाचे ध्येय घटनेतच लिहिलेले आहे. त्यानुसार साठ वर्षांत गावच्या एस.टी. थांब्यावर एक निवारा उभा राहिला आहे. निवाऱ्याच्या छपरापेक्षा देणगीदारांच्या नावांची फरशी मोठी आहे (उन्हात उभ्या माणसाला निदान वाचायला काहीतरी होते). बाकीचा विकास विचाराधीन असून विचार जोरात चालू असतो.

मंडळाच्या संगणकावर लिनक्स होते. त्यामागे कुठलेही तत्त्वज्ञान नव्हते. दुसरी व्यवस्था विकत घ्यावी लागते, आणि विकत घ्यायचे तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सभेत कुणीतरी मागच्या सहलीच्या बसचा विषय काढतो आणि सभा तहकूब होते. लिनक्स फुकट असल्यामुळे कुणाला विचारावे लागले नाही. विनीतने ते एका दुपारी घातले. हा त्याच्या कारकिर्दीतला एकमेव निर्णय असा, की ज्याला अनुमोदक लागला नाही.

लिनक्सचा स्वभाव मंडळाच्या अगदी उलटा आहे. मंडळात साधी सतरंजी झटकायची तरी तीन माणसे 'नक्की का?' विचारतात. लिनक्सच्या त्या काळ्या खिडकीत 'हे पुसून टाक' असे लिहिले, की ते पुसून टाकते. खात्री करत नाही, कचरापेटीत ठेवत नाही, झाले म्हणून सांगतही नाही. समोरच्या माणसाला आपण काय करतो ते कळत असणार, असे ते धरून चालते. इतका विश्वास विनीतवर आजवर घरीदारी कुणी टाकला नव्हता, आणि त्यामुळेच तो जरा बेसावध राहिला. 'जुने मसुदे' या कप्प्यात आपण उभे आहोत अशा समजुतीने त्याने सगळे पुसण्याचा हुकूम दिला. तो उभा होता 'हीरकमहोत्सव' या कप्प्यात.

त्या कप्प्यात गंगुबाई होत्या.

म्हणजे त्यांचा आवाज होता. गंगुबाई परब, वय पंच्याऐंशीच्या पुढे (नक्की आकडा त्या सांगत नाहीत), गावाच्या खोलीपासून दोन दारे सोडून राहतात. गिरणीच्या दिवसांत त्या खाजणगावच्या पोरांची खानावळ चालवत. मंडळ स्थापन झाले त्या दिवशी तिथे हजर असलेल्यांपैकी त्या एकट्याच आज हयात आहेत. म्हणून त्यांचे मनोगत ध्वनिमुद्रित करून ते हीरकमहोत्सवात दादरच्या हॉलमध्ये ऐकवायचे ठरले होते. पत्रिकेत 'गंगुबाईंचे मनोगत' असे छापूनही झाले होते. विनीतने आपल्या फोनवर तीन तासांचे रेकॉर्डिंग केले, संगणकात उतरवले आणि मग फोनमधून काढून टाकले, कारण फोनमध्ये सुप्रभातच्या फुलांना जागा उरली नव्हती. आता कार्यक्रम दोन आठवड्यांवर आला होता आणि मनोगत जगात कुठेच नव्हते. विनीतला चिटणीसपदाचे एवढे काही नव्हते. पण त्याचे वडील पहिल्यांदा मुंबईत आले तेव्हा पहिले सहा महिने याच बाईंच्या ताटात जेवले होते. त्यांना जाऊन काय सांगायचे, हे त्याला सुचेना.

त्याने मावसबहिणीला फोन लावला. ऋता दादरला एका कॉलेजात संगणक शिकवते.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "फाइल पुसली म्हणजे लगेच जात नाही. नुसतं तिचं नाव यादीतून जातं. तुमच्या चाळीत कसं, रेशनकार्डावरून नाव काढलं तरी माणूस खोलीतच असतो? तसंच. दुसरं बिऱ्हाड आत शिरेपर्यंत तो तिथेच."

"मग आम्ही काय करायचं?"

"काहीच करायचं नाही. मशीन बंद कर. चालू करू नका, त्यावर काही लिहू नका, काही सेव्ह करू नका. मी रविवारी डिस्क घेऊन येते. तोवर फक्त काहीही करू नका. जमेल ना?"

विनीतला हायसे वाटले. काहीही न करणे हा मंडळाचा साठ वर्षांचा अनुभव होता. स्मशानभूमीचा रस्ता, शाळेची गळती, वाचनालयाच्या कुलपाची किल्ली, या प्रत्येक बाबतीत मंडळाने हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या जोपासले होते. रविवारपर्यंतचे चार दिवस म्हणजे काहीच नव्हते. त्याने मशीन बंद केले, वर टॉवेल टाकला आणि अध्यक्षांना कळवले.

अध्यक्ष धोंडू सावंत, ज्यांना सगळे धोंडूतात्या म्हणतात, ते ऐकून खुर्चीतून उठलेच. "गंगुबायचो आवाज गेलो? नि आपण हातावर हात ठेवन बसाचा? लोक काय म्हणतीत?"

"तात्या, हातावर हात ठेवणं हाच उपाय आहे म्हणे."

"तो उपाय बायकापोरांक. आपली संस्था आसा."

तातडीची सभा त्याच संध्याकाळी भरली. कार्यकारिणीचे, चिटणीस न मोजता, अकराही सदस्य हजर होते (हा मंडळाचा विक्रम असून तो अजून अबाधित आहे). एकेकाने उठून झालेल्या हानीबद्दल बोलायला सुरुवात केली. ते मनोगत म्हणजे गिरणगावचा जिवंत इतिहास होता, असे एक म्हणाला. दुसऱ्याच्या मते त्यात आपल्या मातीचा वास होता. खजिनदार मनू गावकर यांनी तर ते आठवून आपल्या अंगावर आत्ताही काटा येतो, असे सांगून शर्टाची बाही वर केली. काटा कुणाला दिसला नाही, पण भावना पोचली.

मग ठराव झाला: संगणक रविवारपर्यंत कोणीही चालू करू नये. सूचक मनू गावकर, अनुमोदक सर्व.

"लिही," तात्या विनीतला म्हणाले.

"वहीत लिहितो."

"वहीत नाय. वहीतलो ठराव कायदेशीर नाय." हे खरेच होते. तीन वर्षांपूर्वी वहीतल्या एका ठरावावर 'हे अक्षर माझे नाही' असा वाद झाला होता. तेव्हापासून इतिवृत्त संगणकावर टाइप करायचे, छापायचे आणि मगच त्याखाली सह्या करायच्या, असा नियम झाला होता. न छापलेला ठराव म्हणजे नुसत्या गप्पा. विनीतने टॉवेल काढला, मशीन चालू केले आणि मशीन चालू न करण्याचा ठराव टाइप करून त्यात सेव्ह केला.

हा ठराव इतका नेटका झाला होता, की तो सगळ्यांना कळवणे भाग पडले. त्यासाठी परिपत्रक निघाले. परिपत्रकाला पोच आली, ती स्कॅन केली. घटनेच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली गेली. तिच्या पहिल्या बैठकीत विनीतकडून लेखी खुलासा मागवण्यात आला, आणि तो मंडळाच्या संगणकावरच टाइप केलेला असावा अशी अट पडली. खुलासा असमाधानकारक वाटला म्हणून पुरवणी खुलासा आला. दोन्ही बैठकांचे फोटो उपसमितीने पुराव्यादाखल त्यात उतरवले. हे उत्साहाचे भरते मंडळाने याआधी कधी अनुभवले नव्हते. शाळेची गळती काढायला जेवढे काम लागले असते त्याच्या दुप्पट काम त्या चार दिवसांत झाले. विनीत प्रत्येक वेळी 'ऋता म्हणाली होती' असे सुरू करायचा आणि प्रत्येक वेळी त्यालाच सांगण्यात यायचे, की बाबा, तुझा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो टाइप कर.

शुक्रवारी बॅनर निघाला. मुंबईत दुःख असो वा आनंद, बॅनर नसेल तर तो खाजगी समजतात. मध्यभागी गंगुबाईंचा हात जोडलेला फोटो, वर 'अमूल्य ठेवा गहाळ', खाली 'ठेवा परत मिळो हीच लिंगेश्वरचरणी प्रार्थना', आणि भोवती कार्यकारिणीचे अकरा चेहरे. चेहरे स्पष्ट यावेत म्हणून प्रत्येकाने आपला फोटो मोठ्यात मोठ्या आकाराचा दिला. धोंडूतात्यांचा सगळ्यांत मोठा होता. हे सगळे त्याच संगणकावर बसून जुळवले गेले, सहा वेळा बदलले गेले आणि सहाही वेळा सेव्ह झाले.

चाळीच्या दर्शनी भागावर, गंगुबाईंच्या खिडकीखालीच, बॅनर लागला. त्यांना यातले काहीही कळू द्यायचे नाही, या वयात धक्का बसेल, असाही एक ठराव झालेला होता. तो त्यांच्याकडून बऱ्यापैकी पाळला गेला, कारण त्यांना खिडकीतून बॅनरची मागची बाजूच दिसायची. पण रस्त्यावरून जाणाऱ्यांना पुढची दिसायची. येणारेजाणारे थांबून हात जोडू लागले. समोरच्या किराणावाल्याने दोन मिनिटे शटर अर्धे ओढले. दूधवाल्याने त्यांचे दूध बंद केले आणि त्याबद्दल चौकशी करायला गंगुबाई स्वतः खाली उतरल्या तेव्हा तो पिशवी टाकून पळाला.

रविवारी ऋता आली. तिने बॅनर पाहिला, ठरावांची चळत पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"हे सगळं तुम्ही कशावर केलंत?"

धोंडूतात्यांनी खोकून 'योग्य त्या यंत्रणेवर' असे सांगितले.

ती कामाला लागण्यापूर्वी, गावच्या रीतीप्रमाणे, देवाला गाऱ्हाणे घालायचे होते. संगणकापुढे नारळ ठेवला, अगरबत्ती लावली (धूर पंख्याकडे जाऊ नये म्हणून ऋताने ती दाराशी सरकवली) आणि धोंडूतात्यांनी हात जोडले. "बा देवा लिंगेश्वरा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या लेकरांच्या हातान चुकान जां काय पुसला गेला आसात, तां जंय आसात थंयसून सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नि तेच्या आड जो कोण ईलो आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अकरा जण एका आवाजात म्हणाले. आड कोण आले होते ते ऋताला तेवढ्यात कळले होते, पण देवाच्या कामात ती बोलली नाही.

तिने पेनड्राइव्हवरून मशीन उठवले, सापडेल ते ठेवायला आपली डिस्क जोडली आणि शोध सुरू केला. अशा शोधात फाइलींची जुनी नावे मिळत नाहीत. जे सापडते त्याला यंत्र नुसते आकडे देते आणि आत काय आहे ते माणसाने उघडून बघायचे असते. दुपारपर्यंत बाराशेवर फाइली बाहेर आल्या. धोंडूतात्यांनी टाळी वाजवली आणि नारळ फोडला.

मग एकेक फाइल उघडायला सुरुवात झाली. लिंगेश्वराने मागितलेले अजून दिले नव्हते, पण बाकी काहीच राखून ठेवले नव्हते. मंडळाने जे जे काही मुद्दाम पुसले होते ते धडधाकट परत आले. धोंडूतात्यांचे सात राजीनामे आले, सातही प्रकृतीच्या कारणास्तव आणि सातही दुसऱ्या दिवशी मागे घेतलेले. मनू गावकर यांनी धोंडूतात्यांविरुद्ध तयार करून कधीच न पाठवलेले निवेदन आले. ते सर्वांसमोर मोठ्या अक्षरांत उघडले आणि त्यात 'कुंभकर्ण' हा शब्द तीनदा होता. मंडळाने जिंकला म्हणून जाहीर केलेल्या क्रिकेटच्या सामन्याचा खरा धावफलक आला. बाकी सुप्रभातची फुले होती. कुणी कुणाकडे बघेना.

शेवटी आवाजाच्या फाइली उरल्या. बऱ्याच होत्या आणि सगळ्या तुटक. भजन, मिरवणुकीचा बेंजो, कुणाकुणाची भाषणे, बायकांचे बोलणे.

"यातलं गंगुबाईंचं कुठलं ते सांगा," ऋता म्हणाली. "आवाज पुष्कळ आहेत. मनोगतात काय काय होतं? एखादं वाक्य? कशापासून सुरुवात केली होती त्यांनी?"

अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिले. मनू गावकर यांनी आज बाही खालीच ठेवली.

"म्हणजे, कुणीतरी ऐकलं असेल ना?"

मग सगळ्यांनी विनीतकडे पाहिले. रेकॉर्डिंग त्याने केले होते. विनीतने पायाकडे बघितले. रेकॉर्डिंग त्याने केले होते हे खरेच, म्हणजे फोन गंगुबाईंसमोर डब्याला टेकवून ठेवला होता, बटण दाबले होते आणि 'तुम्ही बोला, मी आलोच' म्हणून तो हिंदमात्याला गेला होता. समारंभात सत्कारासाठी साड्या घ्यायच्या होत्या. त्यात गंगुबाईंच्या सत्काराचीही साडी होती. ती निवडायला वेळ लागला. परत आला तेव्हा गंगुबाई झोपल्या होत्या, म्हणून त्याने फोन तेवढा उचलून नेला.

ऋताने एकेक तुकडा लावायला सुरुवात केली. नवव्या की दहाव्या तुकड्याला विनीतने मान वर केली. पंख्याचा आवाज, भांडे सरकवल्याचा आवाज आणि मग गंगुबाई, अगदी जवळून:

"...तां ऱ्हवांदे. विनीत, ऐकतंस मां रे? ...खंय गेलो हो?"

एवढेच. पुढे खर्र. तीन तासांतले तेवढेच शिल्लक होते. ऋताने कशावर काय बसले ते पाहून सांगितले. सुरुवातीच्या भागावर ठराव आणि खुलासे होते. मधल्या मोठ्या भागावर बॅनर होता, आणि त्यातही बराचसा धोंडूतात्यांचा चेहरा.

विनीत उठला आणि दोन दारे चालत गेला. त्याच्या मागे ठराव नव्हता. गंगुबाई जमिनीवर बसून कोळंबी सोलत होत्या.

"इलंस? हिंदमात्यावरून येवक इतके दिवस लागले?"

विनीतला हसू आले नि डोळ्यांत पाणीही. "गंगाक्का, तुमचं रेकॉर्डिंग माझ्याकडून पुसलं गेलं. परत नाही मिळालं."

"माका ठावक आसा. दूधवाल्यान पळता पळता सांगल्यान, मी मेलंय म्हणान. नि तुमचां गाऱ्हाणां हंयसर ऐकाक इलां." त्यांनी कोळंबीचे डोके मोडले. "पण तुमी सगळे चार दिस त्या पेटीत माका शोधतंत. मी हंयच आसय नाय? माका विचारूक काय झाला होता?"

यावर घटनेत काही तरतूद नव्हती. "मग परत सांगाल?"

"सांगान. पण ऐकतलंस तर. मोबाइलाक सांगान माजी जीभ सुकली."

विनीत खाली बसला आणि न विचारता कोळंबी सोलू लागला.

हीरकमहोत्सव दादरच्या हॉलमध्ये ठरल्या दिवशी झाला. 'गंगुबाईंचे मनोगत' ही बाब पत्रिकेत छापलेली असल्याने रद्द करता येत नव्हती, म्हणून गंगुबाईंनाच माइकपुढे बसवले. त्या मंडळाच्या स्थापनेबद्दल बोलल्या. खोलीत तेव्हा एकच गजराचे घड्याळ होते आणि गिरणीच्या तीन पाळ्या. ज्याच्या हातात घड्याळ त्याने बाकीच्यांना उठवायचे. एकदा घड्याळवालाच झोपून राहिला आणि अख्ख्या खाजणगावची हजेरी बुडाली. तो धोंडूतात्यांचा बाप. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याच्याकडून घड्याळ काढून घेतले. "मगे तेका वायट वाटूक नये म्हणान तेका अध्यक्ष केलां, नि अध्यक्षाक मंडळ व्हया म्हणान मंडळ काढलां. तेव्हापासून ह्या गावात अध्यक्षाच्या हातात काय म्हणजे काय दिवचां नाय, अशी पद्धत पडली." मग त्या बऱ्याच जणांच्या बापांकडे वळल्या.

एवढे होऊनही सभागृहात कुणी रागावले नाही, हे विशेष नमूद करावे लागेल. पहिल्या रांगेत अकराही सदस्य हात उंच करून, फोन दोन्ही हातांनी धरून बसले होते. गंगुबाई नीट चौकटीत येतात ना, मधे कुणाचे डोके येत नाही ना, बॅटरी पुरते ना, यात प्रत्येक जण गढला होता. ठेवा पुन्हा गहाळ होऊ नये म्हणून तसा ठरावच झाला होता. फोन खिशात ठेवून बसलेला विनीत तेवढा एकटाच मधूनमधून मोठ्याने हसत होता. दोनदा त्याला गप्प करण्यात आले, कारण त्याचे हसणे रेकॉर्ड होत होते.

कार्यक्रम संपल्यावर धोंडूतात्या समाधानाने त्याच्याजवळ आले. "बरा बोलली मां म्हातारी? अकरा प्रती झाल्या. आता बिशाद नाय पुसाची." मग आवाज उतरवून म्हणाले, "तू हसत होतंस तां कसल्याक? माज्या बापाशीचा नाव घेतल्यान तां काय?"

"सांगतो ना तात्या. ते घड्याळ होतं ना खोलीत..."

"थांब, थांब," धोंडूतात्या म्हणाले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. "रेकॉर्ड करतंय. मगे सवडीन ऐकान."

त्या अकरा प्रती आजही सुरक्षित आहेत. मंडळाने यापुढे जाऊन, आपल्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाचे बोलणे ज्यांनी फोनमध्ये जपून ठेवले आहे आणि ते एकदा तरी पुरते ऐकले आहे, अशांचा जाहीर सत्कार करायचे ठरवले आहे. गावाच्या खोलीबाहेर त्यासाठी फळा लावला आहे. पात्र व्यक्तींनी त्यावर आपले नाव लिहायचे आहे. फळा अजून कोरा आहे. आपण इथवर वाचलेच आहे, तर खडू खालच्या पट्टीवरच ठेवलेला आहे.